पाठमोरी ओळख

दोरीचे वेढे मनगटाला घेऊन दुलीचंद फाटकातून अंगणात आला आणि कुत्रं बाहेरच बसून राहिलं.

दोरी ताणली गेली. दुलीचंदनं ना ओढलं, ना चुचकारलं. नव्या कुत्र्याला घरात ओढून आणायचं नसतं, असं त्याच्या बापाचं सांगणं होतं. दोरी धरून उभं राहायचं आणि आपण दुसऱ्याच कामाला आलो आहोत असं दाखवायचं. म्हणून तो आंब्याच्या झाडाकडे तोंड करून उभा राहिला आणि मान वर करून फांद्या न्याहाळू लागला, जशी काही आषाढात कैरीच शोधायची होती.

ओसरीवर भांड्यांचा आवाज थांबला. सून तुलसानं धाकट्या शामकलाला कमरेवर घेतलं, छोटेलालचा दंड धरला आणि ती दाराआड गेली. थोरली रुख्मा तेवढी उंबऱ्यात उभी राहिली, कारण तिचं काम आता सुरू व्हायचं होतं.

"रुख्मा, आजाले विचार, हे काय आणलं?" दाराआडून आवाज आला.

"आजा, माय विचारते, हे काय आणलं?"

"कुत्रं हाये म्हणा. बैल दिसते का तिले?"

"माय, आजा म्हणते कुत्रं हाये. बैल दिसते का तुले?"

"दिसलं मले. म्हणा, कायले आणलं?"

त्या काळी पोवारांच्या घरात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे. बोलायचं ते दाराआडून, पदर नाकापर्यंत ओढून, आणि तेही तिसऱ्याला उद्देशून. रुख्मा जन्मायच्या आधी हा तिसरा म्हणजे कोठ्यातली गाय असे. 'गाई, भात निवून राहिला,' असं तुलसा गाईला सांगे आणि दुलीचंद हात धुवायला उठे. गाय बिचारी रवंथ करत ऐकून घेई. पुढे रुख्माला वाचा फुटली आणि गाय या कामातून सुटली. रुख्मा निरोप जसाच्या तसा पोचवी. छोटेलालच्या हाती दिलेल्या निरोपाला वाटेत पाय फुटत. सासऱ्या-सुनेची सगळी भांडणं आणि सगळी विचारपूस अशी दुसऱ्याच्या तोंडून चालली होती आणि दोघांचंही त्यावाचून काही अडलेलं नव्हतं.

"राखणीले आणलं म्हणा," दुलीचंद आंब्याला म्हणाला. "भाताची रोवणी लागली का सारे बांधीत. घरी मी एकटा अन् तीन पोट्टे. एक कुत्रं असलं तं बरं."

निरोप आत गेला.

"आजाले म्हणा," तुलसा हळू म्हणाली, "माह्या भावाचं त्याईले माहीत हाये."

हे मात्र रुख्मानं पोचवलं नाही. पोचवायची गरजही नव्हती. तुलसाचा पाठचा भाऊ पिसाळलेलं कुत्रं चावून गेला होता. सोयरीक जुळवतानाच ते दुलीचंदच्या कानावर आलं होतं. सासरी आल्यापासून तुलसानं तो विषय आज पहिल्यांदा काढला होता.

"केवलरामच्या घरी पोरांत वाढलेलं कुत्रं हाये," दुलीचंदचा आवाज उतरला. "रेल्वेनं त्याची बदली डोंगरगडकडे केली, नाहीतं तो देत नव्हता."

"नाव काय याचं?" रुख्मानं हा प्रश्न स्वतःच्या पदरचा घातला.

"सिंगल."

रुळांच्या कडेच्या हात वर-खाली करणाऱ्या खांबाला सालेकशाकडे सगळे सिंगलच म्हणत. या कुत्र्याची शेपटी तशीच होती. परकं कोणी दिसलं की ताठ वर, ओळख पटली की धप्पकन खाली. गाडी पाहावी तसं केवलरामचं घर तिच्याकडे पाहून माणूस ओळखत असे. आत्ता ती वर होती.

आतून अटी आल्या आणि रुख्मानं त्या पाठ म्हटल्यासारख्या सांगितल्या. रोवणी लागेपर्यंत पाहायचं. पोरं भ्याली, किंवा एकाही पोराला दात लागला, तर कुत्रं परत. आणि मग यंदाची रोवणी संपेपर्यंत पोरं आजोळी, बालाघाटकडे.

हे शेवटचं ऐकून दुलीचंदच्या हातातली दोरी सैल पडली. दोरी सैल पडली तसं कुत्रं उठून आपल्या पायांनी अंगणात आलं.

दुलीचंद गावात माणसं पारखणारा म्हणून प्रसिद्ध होता. कोण दोनदा जेवून एकदा बोलावतो, कोणाला दुसऱ्याच्या बैलाचं शिंग वाकडं दिसतं आणि स्वतःच्या बैलाचं डौलदार, कोण देवळात डोळे मिटतो ते कोणाकडे पाहायला लागू नये म्हणून, हे सगळं त्याच्या डोक्यात खतावलेलं असे. त्या खतावणीत सुनेचंही एक पान होतं. आदल्याच दिवशी रुळाच्या भरावावर बसून त्यानं ते केवलरामला वाचून दाखवलं होतं.

"सून चांगली हाये," तो म्हणाला होता, "पन जराशी खुळी हाये."

"काऊन गा?"

"पायरीच्या काठाले छुईमातीचा पट्टा ओढते. पांढराफट. सण नाही, वार नाही. पुसट झाला का परत. देवळाच्या पायरीचा कोणी एवढा लाड करत नाही."

"हौस असन."

"अन् पोराच्या पायात घुंगरू. पोरीईचं समजलं मले. पन छोट्याच्याबी बांधले दिवाळीले. नजर लागते म्हणे. नाच्या करते का त्याले?"

केवलरामनं बिडी पेटवली.

"अन् तांब्या. माह्या खाटेच्या उजव्या पायाजवळ ठेवते. धनलालनं एकडाव बाजूले सारला, तं नवऱ्याले अशी बोलली, अशी बोलली, जसा तांब्या नाही, देव्हाऱ्यातला देवच हालवला."

केवलरामनं बिडी दगडावर विझवली. आयुष्यभर रूळ ठोकून त्यांचा आवाज ऐकत आलेला माणूस तो. कुठला रूळ पोकळ बोलतो ते त्याला कळे. मित्राच्या तोंडाकडे तो जरा वेळ पाहत राहिला. दुलीचंद बोलत होता त्याच्याशी आणि पाहत होता त्याच्या खांद्याच्या पलीकडे.

"कुत्रं घेऊन जाय तू," एवढंच तो म्हणाला.

कारण दुलीचंदच्या डोळ्यांत धुकं उतरलं होतं. पौषात बोडीच्या पाण्यावर पसरतं तसं. फरक इतकाच की ते दुपारीही विरत नव्हतं. आधी लांबची महूची झाडं गेली, मग फाटक गेलं, मग माणसांचे चेहरे गेले आणि नुसते आकार उरले. आवाजानं, चालीनं, पोरांच्या घुंगरांनी तो निभावून नेत होता आणि कोणाला कळलं नाही याचा त्याला थोडा गर्वही होता. घरात बोलायची सोय नव्हती. शेजारच्या उदारामचे डोळे गेले तेव्हा त्याच्या लेकांनी त्याची खाट कोठ्यामागं नेऊन टाकली होती. वेळेवर जेवण मिळे, आंघोळ मिळे. फक्त पोर कोणी त्याच्या मांडीवर ठेवत नसे. 'दादा, तुमी आता आराम करा,' असं सगळे म्हणत. दुलीचंदला त्या आरामाची धास्ती होती.

ज्येष्ठात एका दुपारी बोडीत काहीतरी धपकन पडल्याचा आवाज झाला होता. बोडी घराच्या मागंच, मातीची पाळ चढली की पाणी. शामकला दुपारच्या झोपेला नेहमी घुंगरू काढून फेकी, त्यामुळे घुंगरूही वाजत नव्हतं. दुलीचंद पाळीवर चढून पाण्याकडे पाहत उभा राहिला. पाण्यावर काळं काहीतरी हलत होतं. ते डोकं होतं की काय होतं, हे त्याला कळेना. ओरडावं तर कोणाच्या नावानं ओरडावं? मग ते काळं फुरफुरलं. म्हैस होती. शामकला मागं खाटेखाली झोपलेली होती. हे कोणालाही ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून त्याच्या मनात कुत्रं होतं.

दुसऱ्या दिवशी पावसानं उघडीप दिली तशी त्यानं पोरांना अंगणात बोलावलं.

कुत्र्याची ओळख करून द्यायची त्या घराची एक रीत होती. मालव्यातून येताना आपल्या पूर्वजांनी देव आणि कुत्री एवढीच बरोबर आणली, असं दुलीचंदचा बाप बिसराम सांगे. देवाचं तरी खरं असावं. रीत अशी की पोरांनी कुत्र्याकडे पाठ करून ओळीनं बसायचं. हात मागं, तळव्यावर भाताचा गोळा. पाहायचं नाही, बोलायचं नाही. आपण पाहिलं की कुत्र्याला वाटतं, हे मला जोखतात. म्हणून आधी त्याला जोखू द्यायचं. घरच्या कर्त्यानं मागं उभं राहून एकेकाचं नाव सांगायचं.

दुलीचंद स्वतः सहा वर्षांचा असताना असा बसला होता. तेव्हा सालेकशाला रेल्वे नव्हती, रात्री वाघाच्या भीतीनं कोठ्यापुढे ओंडका जळत ठेवावा लागे. तळव्यावरचा गोळा कोमट होता आणि बोटांमधून ताक मनगटाकडे ओघळत होतं. पाठीमागं बापाचा आवाज: 'कालू, हा दुली. रडका हाये, पन आपला हाये.' मग काही वेळ काहीच नाही. आणि मग हातावर ऊन श्वास, ओली नाकाची टोच आणि गोळा नाहीसा. त्या श्वासानंतर त्याला कालूची भीती कधी वाटली नाही. कालू म्हातारा होऊन महूखाली मेला तोवर नाही आणि नंतर दुसऱ्या कुठल्याही कुत्र्याची नाही. त्या दिवशी त्यानं बापाला विचारलं होतं, 'बाबूजी, तुमी नाही बसले?' बिसराम हसला होता. 'ज्याची राखण करावी लागते तो बसते. जो राखते तो उभा राहते.'

"घुंगरू काढा," दुलीचंदनं फर्मावलं. "नव्या कुत्र्यापुढे काही वाजलं नाही पाह्यजे. रुख्मा, तू इकडे. मधात शामी. छोट्या त्या टोकाले. आता तोंडातून शब्द नाही."

घुंगरं भिंतीतल्या दिवळीत गेली. दाराआड बांगड्या किणकिणल्या आणि थांबल्या. तुलसा पाहत होती, पण दाराच्या फटीतून तिला ओळीचं अलीकडचं टोक तेवढं दिसत होतं.

छोटेलालनं सकाळपासून दोनदा विचारलं होतं, "मामा कुत्र्यानंच मेला ना?" आणि दोन्ही वेळा त्याला उत्तर मिळालं नव्हतं. आजा कुत्रं सोडायला आंब्याकडे वळला.

दुलीचंद कुत्रं घेऊन परत आला तेव्हा अंगणात तीन आकार बसलेले होते. दुपारच्या उजेडात तिन्ही सारखेच धूसर. आपण पोरांचे आवाज आपल्याच हातानं बंद केले, हे तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. पण ओळ तर त्यानंच लावली होती.

"सिंगल," तो बापाच्या आवाजात म्हणाला, "ही रुख्मा. घरची थोरली. हिचं ऐकायचं."

कुत्रं पुढं झालं. भाताचा गोळा उचलल्याचा ओला आवाज आला. रुख्मानं रोखलेला श्वास सोडला, बोलली मात्र नाही.

"ही शामकला. हिचं ऐकायचं नाही, हिच्याकडे ध्यान द्यायचं."

शामकला खुदकन हसली. गुदगुल्या झाल्या असाव्यात.

"हा छोटेलाल. खोडकर हाये, पन आपला हाये." कुत्रं बराच वेळ हुंगत राहिलं. "हात सरळ ठेव, छोट्या. भेऊ नोको. तो तुले काही करत नाही."

गोळा उचलला गेला. मग नखांचा आवाज अंगणातून घराच्या मागच्या बाजूला गेला. दुलीचंदची छाती भरून आली. सगळ्यांत भित्रा नातू, आणि हूं की चूं केलं नाही.

"शाबास रे माह्या वाघा," म्हणत त्यानं छोटेलालच्या डोक्यावर हात ठेवला.

कुडत्याखाली बांबूच्या कामट्या हाताला लागल्या.

रुख्मानं रीत मोडून मागं पाहिलं. आजाचा हात तसाच होता.

"आजा," ती हळू म्हणाली, "ते शेणाचं टोपलं हाये."

"मले माहीत हाये," दुलीचंद म्हणाला. जिभेला उत्तर आधी सुचलं, मनाला मागून. "कुत्र्याची परीक्षा होती. मानूस अन् टोपलं वळखते का ते पाहून राहिलो व्हतो."

पण पाय वळले होते. बोडी. त्यानं कान दिले. घुंगरू नाही, घुंगरू दिवळीत, त्याच्याच हुकमानं. पायरीशी येऊन तो थांबला, कारण पुढं कुठल्या बाजूला जायचं ते कळेना. त्याच्या शेजारून बांगड्या धावत गेल्या. पदर सावरायलाही तुलसा थांबली नाही.

पाळीवरून एकदा भुंकणं आलं. मग छोटेलालचं हसू आलं, अगदी कोरडं, पाण्याबाहेरचं. दुलीचंदनं भिंतीला हात लावला.

तुलसा मुलाचा उघडा दंड धरून परतली. मागं कुत्रं.

"मी पाळीवर बसलो व्हतो," छोटेलाल सांगत आला. "पान्याकडे तोंड करून. मागं पाह्यलंच नाही मी, आजा. यानंच येऊन माहा हात चाटला. शेपटी खाली हाये याची, पाहा."

"पाहून राहिलो," दुलीचंद म्हणाला.

तुलसानं टोपल्यावरचा कुडता झटकून मुलाला घातला. दिवळीतली घुंगरं काढली आणि एकेकाचा पाय मांडीवर घेऊन बांधली. ती गाठी मारत होती तोवर दुलीचंद ओसरीवर खाटेच्या काठाला बसून होता, गुन्हेगारासारखा, आणि आतून निरोपाची वाट पाहत होता. निरोप आला नाही.

धनलाल दिवेलागणीला बांधीतून, भाताच्या खाचरातून, आला. परे, म्हणजे भाताची रोपं, उपटायला आली होती, उद्यापासून रोवणी. तो जेवायला बसला आणि भिंतीच्या अलीकडे दुलीचंदनं जेवण थांबवलं.

"कुत्र्याचं काय ठरलं? पोरं पाठवायची का तुह्या मायकडे?" धनलालनं विचारलं.

"आजानं टोपल्याले..." छोटेलाल सुरू झाला.

"तू भात खाय," तुलसा म्हणाली. मग नवऱ्याला, "राहू द्या कुत्रं. हा बोडीवर जाऊन बसला व्हता. त्यानंच शोधला."

"बोडीवर? अन् बाबूजी कुठं व्हते?"

भिंतीच्या अलीकडे ताटातला हात ताटातच राहिला.

"त्याईनंच सोडलं कुत्रं याच्या मागं," तुलसा म्हणाली. "वरण घ्या."

दुलीचंदनं घास तोंडात टाकला. भात त्याला त्या दिवशी फार गोड लागला. बाई हुशार हाये, त्यानं मनातल्या पानावर टिपून ठेवलं, पण परीक्षेचं खरं मानलं तिनं. थोडी भोळी. खुळेपणाच्या खाली भोळेपणा.

रात्रभर पाऊस झाला आणि पहाटे थांबला. धनलाल बाया-माणसं घेऊन पुढं गेला. पोरं आंब्याखाली चिखलात काहीतरी रचत होती. दोन पोरींची घुंगरं वाजत होती. तिसरी जोडी ऐकू येत नव्हती. दुलीचंद खाटेवर उठून बसला.

"छोट्या?"

"हाव आजा." आवाज आंब्याखालूनच आला. "इथंच हावो मी."

मग दुसरा एक आवाज आला. पितळी, जुना, ठणठणीत. दुलीचंदनं तो लगेच ओळखला. त्या घरातल्या कुठल्याही जुन्या माणसानं ओळखला असता. गाईच्या गळ्यातली घंटी. दोन वर्षांमागं गाय गेली तेव्हापासून ती कोठ्यातल्या खुंटीला होती. आता ती अंगणात, जमिनीपासून हातभर उंचीवर वाजत होती.

"कुत्र्याले घंटी कोण बांधते?" तो कोणालाच न विचारता म्हणाला.

तुलसा अंगणात होती. रोवणीला जायच्या घाईतही तिचा आवाज संथ होता. रुख्मा जवळ नव्हती, पोरांपैकी कोणीच नव्हतं, तेव्हा ती घंटीची दोरी गाठवत कुत्र्याला म्हणाली,

"सिंगल, छोट्यानं घुंगरू काल सांजेले तोडून बोडीत टाकलं. म्हणते, मी का पोरगी हावो? तं आता तूच त्याचं घुंगरू. तो जिथं जाईन तिथं वाजत जाय."

दुलीचंदनं खाटेवरून पाय खाली सोडले.

"पायरीची छुई रातच्या पान्यानं धुतली गेली व्हती," तुलसा कुत्र्याला सांगत राहिली. "आता परत ओढली. ओली हाये, पन दिसते. तांब्या भरून जाग्यावर ठेवला."

दुलीचंदचा हात आपसूक खाली गेला. खाटेचा उजवा पाय, तांब्या. नजर लावावी लागली नाही. कधीच लागली नव्हती. छोट्याची घुंगरं दिवाळीला आली होती. दिवाळीला तर हे धुकं आहे असं त्यानं स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. पट्टा त्याच्याही आधीचा. तो डोक्यातलं ते पान पुन्हा वाचू गेला. ओळी त्याच होत्या, त्यानंच लिहिलेल्या, आणि एकही खरी नव्हती.

तुलसाच्या पावलांचा आवाज पायरीपाशी आला. काहीतरी पायरीवर ठेवल्याचा हलका आवाज झाला, पळसाच्या पानाचा.

"अन् कालची वळख अर्धीच राहिली, सिंगल," ती म्हणाली. "एक जन बसायचा राहिला."

मग ती गेली. फाटक वाजलं, चिखलात पावलं वाजली, आणि बांधीकडून येणाऱ्या बायांच्या गाण्यात तिची पावलं मिसळून गेली.

दुलीचंद बराच वेळ खाटेवर बसून राहिला. गावातली माणसं यावेळी समोरून गेली असती तर त्यांना वाटलं असतं, म्हातारा कोणाचा तरी हिशोब करतोय. मग तो उठला. पांढरा पट्टा पायाशी उजळला. त्यानं त्याच्या अलीकडे पाय ठेवला आणि पायरीवर बसला. पानातला भाताचा गोळा कोमट होता. ताक जरा जास्तच पडलं होतं.

तो घराकडे तोंड करून बसला. अंगणाकडे पाठ. हात मागं नेला आणि तळवा उघडला.

"आजा, काय करून राहिला?" छोटेलालनं ओरडून विचारलं.

"बोलू नोको," रुख्मा त्याला म्हणाली. तिची घुंगरं आंब्याखालून निघाली आणि त्याच्या मागं येऊन थांबली. काल तो उभा होता तिथंच.

"सिंगल," ती म्हणाली. तिनं आवाज जरा जाड केला होता. "हा आजा. घरचा थोरला. याच्याकडे ध्यान द्यायचं."

बोटांमधून ताक मनगटाकडे ओघळू लागलं. पलीकडे कुठंतरी दुपारच्या आधीची गाडी सालेकशाकडे चालली होती आणि तिचा आवाज विरेपर्यंत दुलीचंदला दुसरं काही ऐकू आलं नाही. मग घंटी एकदा वाजली. पुन्हा वाजली, जवळून.

दुलीचंदनं मागं पाहिलं नाही.